गाळलेली नावं

'शोले'तला गब्बरच्या अड्ड्यावरचा प्रसंग नीट आठवून पाहा. सुरुवातीला गब्बरचा चेहरा दिसतच नाही. दिसतात ते खडकावर येरझाऱ्या घालणारे बूट, आणि ऐकू येतो दगडावर घासत जाणाऱ्या पट्ट्याचा आवाज. समोर तीन माणसं मान खाली घालून उभी. प्रश्न येतो, चाचरत उत्तर येतं. पिस्तुलातल्या तीन गोळ्या हवेत झाडल्या जातात, उरलेल्या तिनांसह चक्र फिरवलं जातं. कालिया झालेले विजू खोटे खाल्ल्या मिठाची आठवण करून देतात. तिन्ही वेळा घोडा ओढला जातो, तिन्ही वेळा गोळी सुटत नाही. मग गब्बर हसतो. तो हसतो म्हणून टोळी हसते, सुटलो म्हणून ते तिघे हसतात, आणि थिएटरात बसलेला माणूसही नकळत हसायला लागतो. ते हसू ओठांवर असतानाच तिघांना गोळ्या घातल्या जातात.

या प्रसंगाच्या नकला आपण किती पाहिल्या असतील याची मोजदाद नाही. गावच्या केबलवरच्या दुकानाच्या जाहिरातीपासून ते मोठ्या कंपनीच्या खर्चिक जाहिरातीपर्यंत खडक, पट्टा, तंबाखू मळणारा हात आणि 'कितने आदमी थे' हे सगळं जसंच्या तसं येतं. हसणंही येतं. गोळी मात्र येत नाही. जिच्यासाठी तो सगळा प्रसंग रचला होता ती भीतीच काढून टाकलेली असते, आणि त्या मोकळ्या जागी विकायची वस्तू ठेवलेली असते.

जुन्या चित्रपटातला गाजलेला प्रसंग पुन्हा उभा करून त्यातून माल विकणं हा आता जाहिरातींचा रुळलेला प्रकार झाला आहे. तो बंद व्हावा असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी तो प्रसंग लिहिला, रचला, वठवला त्यांची नावं त्या जाहिरातीत कुठेही नसतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं आणि बहुतेकदा त्यांच्या हाती काही पडतही नाही, ही गोष्ट आपण फार सहज चालवून घेतली आहे. प्रसंगाचा अर्थ उलटा करायचा असेल, तर ज्याने तो अर्थ घडवला त्याची संमती हवी आणि पडद्यावर त्याचं नाव हवं. एवढीच मागणी आहे आणि ती मला अगदी रास्त वाटते.

हे सगळं आजचं नाही. 'शोले' गाजत होता त्याच काळात ब्रिटानियाने ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीत अमजद खान यांना गब्बरच्याच वेशात उभं केलं होतं. खलनायकाने लहान मुलांची बिस्किटं विकावीत ही तेव्हा धाडसाचीच कल्पना होती. पण तिथे निदान ज्याने भूमिका केली तो माणूस स्वतः, जिवंतपणी, आपल्या मर्जीने कॅमेऱ्यासमोर उभा होता. गब्बर काय बोलतो हे लोकांना इतकं पाठ झालं होतं की पॉलिडोर कंपनीने या चित्रपटाच्या नुसत्या संवादांची तबकडी काढली आणि ती तुफान खपली. तबकडीवर विकली जात होती ती वाक्यं. म्हणजे लेखकाचं काम.

जाहिरातवाल्यांना जुना प्रसंग का हवा असतो, हे समजायला अमेरिकेकडे बघावं लागतं, कारण तिथे या प्रकाराचा बाजार सगळ्यात मोठा आहे. सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ३० सेकंदांच्या काही जागांचा भाव २०२५ मध्ये ८० लाख डॉलरपर्यंत गेला होता. एवढ्या महागड्या वेळात कुणी नवं पात्र, नवी गोष्ट, नवा ताण उभा करायच्या भानगडीत पडत नाही. लोकांच्या मनात आधीच मुरलेली गोष्ट उचलली की पहिल्या दोन सेकंदांत ओळख पटते. तीस-चाळीस वर्षं जपलेलं प्रेक्षकाचं प्रेम आयतं मिळतं.

त्याच २०२५ च्या सामन्यात हेलमन्स या मेयोनीजच्या कंपनीने 'व्हेन हॅरी मेट सॅली'मधला न्यूयॉर्कच्या कॅट्झ डेलीतला प्रसंग पुन्हा उभा केला. तीच खानावळ आणि तेच दोन नट, बिली क्रिस्टल आणि मेग रायन, ३६ वर्षांनी वयस्क झालेले. मूळ १९८९ च्या चित्रपटात हॅरी बढाई मारतो की आपल्यासोबत असलेल्या बायका खोटं शरीरसुख दाखवत नाहीत, ते आपल्याला ओळखता येतं. सॅली काही वाद घालत बसत नाही. भरल्या खानावळीत, सगळ्यांच्या देखत, ती ते खोटं सुख हुबेहूब करून दाखवते आणि त्याची बोलती बंद करते. शेजारच्या टेबलावरची एक वयस्क बाई वेटरला सांगते, तिने जे मागवलंय तेच मलाही आण. पुरुषाच्या आत्मविश्वासावर केलेला इतका नेमका आणि हसरा हल्ला त्या काळच्या लोकप्रिय सिनेमात क्वचितच दिसतो. जाहिरातीत काय होतं? सॅलीला सँडविच बेचव लागतं, ती त्यावर मेयोनीज पिळते आणि तिला ते सुख खरोखरच होतं. जे नाटक होतं तेच खरं झालं, आणि प्रसंगातला वादच संपला. हॅरीला काही शिकायचं उरलं नाही.

शेवटचं ते प्रसिद्ध वाक्य जाहिरातीत सिडनी स्वीनी या आजच्या नटीला दिलं आहे. मूळ चित्रपटात ते म्हटलं होतं दिग्दर्शक रॉब रायनर यांच्या आईने, एस्टेल रायनर यांनी. त्या २००८ मध्ये वारल्या. त्यांची ती एका वाक्याची भूमिका सिनेमाच्या इतिहासात कायमची जाऊन बसली आहे. जाहिरात पाहिलेल्या तरुण माणसाला मात्र हे वाक्य सिडनी स्वीनीचं म्हणून लक्षात राहील, आणि एस्टेल रायनर कोण हे त्याला कुठूनही कळणार नाही.

अर्थ असा उलटा होण्याचं हे एकच उदाहरण नाही. 'ग्राउंडहॉग डे'मध्ये तोच तो दिवस पुन्हा उगवणं ही नायकाला झालेली शिक्षा आहे. तो माणूस म्हणून बदलतो तेव्हाच तिच्यातून सुटतो. २०२० मध्ये जीपच्या जाहिरातीत बिल मरे त्याच गावात परत येतो, पण आता गाडी मिळाली आहे म्हणून तो त्या कैदेतच खूश असतो. 'होम अलोन'मध्ये घरी एकटं राहिलेलं पोर आपल्या डोक्याने चोरांना जेरीस आणतं. २०१८ मध्ये गूगलच्या जाहिरातीत तोच मॅकॉली कल्किन मोठा होऊन येतो आणि त्याचं सगळं काम यंत्र करतं. मुलाची हुशारी गेली, यंत्राची आली.

आपल्याकडे याहून बोचणारं उदाहरण आहे. 'दीवार'मध्ये पुलाखाली दोन भाऊ समोरासमोर येतात. थोरला आपल्याकडे काय काय आहे ते मोजून दाखवतो: इमारत, मालमत्ता, बँकेतली शिल्लक, बंगला, गाडी. धाकट्याचं चार शब्दांचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. वस्तूंची यादी एका माणसासमोर फिकी पडते, हा त्या प्रसंगाचा सगळा जीव. आणि नकलांमध्ये नेमकी त्या 'माँ'च्या जागी एक वस्तूच आणून बसवली जाते. ज्या यादीला लेखकांनी हरवलं होतं, तिच्यातच आणखी एक नग वाढवला जातो. हे बघताना मला खरंच वाईट वाटतं, कारण तो प्रसंग ज्या काळात आला तेव्हा गावाकडून मुंबईत आलेल्या, फलाटावर आणि फुटपाथवर रात्री काढलेल्या कितीतरी माणसांना त्या चार शब्दांनी मान वर करायला शिकवलं होतं.

यावर हमखास येणारं उत्तर असं की जाहिरातीमुळे नव्या पिढीला जुना सिनेमा कळतो. काही अंशी ते खरं असेलही. पण कळण्यासाठी चित्रपटाचं नाव तरी सांगायला हवं की नको? दुसरं उत्तर असतं ते परंपरेचं: आपल्या वगात, सोंगी भारुडात, अगदी कीर्तनातसुद्धा ओळखीच्या गोष्टी वाकवून सांगायची पद्धत आहेच. आहे, आणि मला ती मनापासून प्रिय आहे. बतावणीतला कृष्ण पेंद्याला घेऊन गवळणींची वाट अडवतो तेव्हा त्याला कृष्णाबद्दल, गवळणींबद्दल आणि समोर बसलेल्या गावाबद्दल काहीतरी बोलायचं असतं. नकलेला मूळ गोष्टीबद्दल स्वतःचं म्हणणं असेल तर ती स्वतंत्र कला होते. तीस सेकंदांच्या जाहिरातीचं म्हणणं फक्त वस्तूबद्दल असतं. शिवाय भारुड म्हणणारा शेवटी 'एका जनार्दनी' म्हणून कर्त्याचं नाव घेतो. शेकडो वर्षं, अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही ती नाममुद्रा गाळली नाही.

नाव गाळण्याची सवय आपल्या चित्रपटसृष्टीतच खोल रुजलेली आहे, हे कबूल करायला हवं. १९७३ मध्ये 'जंजीर'च्या पोस्टरांवर लेखकांची नावं नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगाऱ्याला पैसे देऊन मुंबईभर लागलेल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली, हा किस्सा सर्वश्रुत आहे. ज्यांची वाक्यं पुढे तबकड्यांवर विकली गेली त्यांना आपलं नाव असं लिहून घ्यावं लागलं. मराठीत बघा. 'अशी ही बनवाबनवी'तली वाक्यं आज कुठल्याही मराठी घरात, कार्यालयात, व्हॉट्सअॅपच्या गटात रोज म्हटली जातात. समाजमाध्यमांवर वस्तू विकणाऱ्यांपासून वाहतुकीचे नियम सांगणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ती वापरली आहेत. 'धनंजय माने इथेच राहतात का' हे वाक्य अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यांसकट आपल्याला दिसतं. ते लिहिणारे वसंत सबनीस किती जणांना आठवतात? 'विच्छा माझी पुरी करा'सारखं लोकनाट्य ज्यांनी मराठीला दिलं, त्यांच्या कानाचं ते काम आहे. चाळीत आणि वाड्यात माणसं कशी बोलतात, कुठे अडखळतात, कुठे गांगरतात हे ऐकलेल्या कानाचं.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. जाहिरातदार परवानगी मागतो ती निर्मात्याकडे किंवा त्याच्याकडून हक्क विकत घेतलेल्या कंपनीकडे. जुन्या काळी लेखक ठरलेले पैसे घेऊन सगळे हक्क एकदाच लिहून देत. २०१२ मध्ये कायदा बदलला. तेव्हा राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. चित्रपटगृहाबाहेर होणाऱ्या वापरातून लेखक, गीतकार, संगीतकार यांना समान वाटा मिळाला पाहिजे आणि हा हक्क कुणाला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद आली. पण आपल्या मनातले गाजलेले प्रसंग बहुतेक सगळे २०१२ च्या आधीचे. ज्यांचं काम सगळ्यात जास्त वापरलं जातं ते या सुधारणेच्या कक्षेत धड येत नाहीत.

आणि चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतोच. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३ चा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा हा चित्रपट त्या हिशोबाने २०१४ पासून मुक्त आहे. साने गुरुजींचं पुस्तक तर त्याआधीच मुक्त झालं. उद्या एखाद्या साबणाच्या कंपनीला वाटलं, की आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम आपल्या कामाचा आहे, तर तिला अडवणारं फारसं कुणी नाही. त्या प्रसंगात आई जे म्हणते ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे: पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. जाहिरात पायांपाशीच थांबेल. अत्र्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत टिकतो, म्हणजे तिथे थोडी आडकाठी आहे. त्यानंतर तीही नाही. म्हणून मला वाटतं की हा प्रश्न नुसत्या कायद्याच्या कलमांवर सोडून चालणार नाही.

मेलेल्या कलावंतांचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. फ्रेड अस्टेअर १९८७ मध्ये गेले. १९९७ मध्ये त्यांच्या जुन्या नृत्याच्या चित्रफितीत फेरफार करून त्यांच्या हातात व्हॅक्युम क्लीनर दिला गेला. पत्नीने परवानगी दिली होती, मुलीने जाहीर नाराजी व्यक्त केली. २०१३ मध्ये ऑड्री हेपबर्न यांचा चेहरा संगणकावर उभा करून चॉकलेट विकलं गेलं, त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, मुलांच्या संमतीने. निदान तिथे कुणाला तरी विचारावं लागलं. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने आदेश देताना नाव, चेहरा, आवाज यांच्यापासून त्यांच्या 'झकास'पर्यंत संरक्षण दिलं, २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या 'भिडू'लाही दिलं. मुंबईच्या रस्त्यावरचे शब्द एका माणसाच्या नावे बांधले जावेत का, यावर माझे प्रश्न आहेत, पण ते वेगळ्या लेखाचे. इथे मुद्दा असा की हे दोघेही हयात आहेत आणि नामांकित वकील उभे करू शकतात. त्याच न्यायालयाने २०२३ मध्येच एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांच्या दाव्यात असे हक्क त्या माणसाबरोबरच संपतात अशी भूमिका घेतली. मग लक्ष्मीकांत बेर्डे, निळू फुले, स्मिता पाटील यांचा आवाज आणि चेहरा यंत्राने बनवून कुणी काही विकायला काढलं तर? तंत्र तर हाताशी आलेलंच आहे. २०२५ मध्ये 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदलून ती पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद राय विरोध करत राहिले. हक्क निर्मिती कंपनीकडे होते.

चांगलं उदाहरणही आपल्याच जवळ आहे. श्याम बेनेगल यांचा १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची, छायाचित्रण गोविंद निहलानींचं, बिंदू साकारली स्मिता पाटील यांनी, 'मेरो गाम काठा पारे' गायलं प्रीती सागर यांनी. पुढे अमूलच्या जाहिरातीत हे गाणं वाजू लागलं आणि दूरदर्शनसमोर वाढलेल्या पिढ्यांना ते पाठ झालं. जाहिरात चित्रपटापेक्षा गोड होती, हे खरं. 'मंथन'मधला जातीचा संघर्ष, गावातली फूट, डॉक्टरचं अर्ध्यावर निघून जाणं, यातलं तिथे काही आलं नाही. तरी मला ती जाहिरात कधी खुपली नाही. ज्या शेतकऱ्यांच्या पैशांतून चित्रपट झाला, त्यांच्याच सहकारी संस्थेचं दूध त्या गाण्यातून विकलं जात होतं. चित्रपट ज्यांचा, त्यांच्याकडेच त्याचं मोल परत जात होतं. पुढे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन'ची प्रत नव्याने जतन केली आणि २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा त्या कामात गुजरातचा तोच दूध महासंघ सोबत होता.

इतर कंपन्यांकडून एवढ्या नात्याची अपेक्षा धरता येणार नाही. पण नाव देणं अजिबात अवघड नाही. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत बाजारातल्या जोखमीची सूचना भरभर का होईना, वाचावीच लागते. बक्षीस योजनेच्या जाहिरातीत खाली अटींची पट्टी चालतेच. त्याच पट्टीत चित्रपटाचं नाव, वर्ष, लेखक, दिग्दर्शक आणि त्या प्रसंगातले कलावंत एवढं सहज मावतं. आजचा तरुण ते नाव वाचून फोनवर शोधेल आणि मूळ चित्रपट पाहील. नव्या पिढीला जुना सिनेमा कळतो हा जाहिरातवाल्यांचा दावा मग तरी खरा ठरेल.

लहान व्यावसायिकाला हे परवडेल का, अशी शंका कुणी काढेल. नाव द्यायला पैसे लागत नाहीत. मोबदल्याची गोष्ट मोठ्या कंपन्यांची आहे, ज्या एका नटाच्या एका दिवसासाठी कोट्यवधी मोजतात. त्या रकमेचा छोटासा भाग लेखकाला किंवा त्याच्या वारसांना, आणि कुणीच उरलं नसेल तर पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या जतनाच्या कामाला द्यायला काय हरकत आहे? 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्या कितीतरी जुन्या फिती जळून गेल्या. जे उरलं आहे तेही आपोआप टिकणार नाही.

जाहिरातींसाठी आचारसंहिता ठरवणारी अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल मुंबईत आहे, पटकथाकारांची संघटनाही मुंबईतच आहे. दोघांनी एकत्र बसून एक पानाचा नियम लिहावा: उचललेल्या प्रसंगाचा नामनिर्देश सक्तीचा, लेखक हयात असेल तर त्याला संहिता आधी दाखवायची, आणि दिवंगत कलावंताचा चेहरा किंवा आवाज कुटुंबाच्या लेखी संमतीशिवाय बनवायचा नाही. संसदेत कायदा बदलायला वर्षं जातील. या पानाला एक बैठक पुरेशी आहे, आणि ती पुढच्या आयपीएलच्या जाहिरातींचं चित्रीकरण सुरू होण्याआधी व्हायला हवी.